मातीला हात न लावणारे वानखेडेकाका

“काही दिसलं का?”

डॉ. साठ्यांचा हा सकाळपासूनचा तिसरा फोन. न्यूरोसर्जन मंडळींना वाटतं की कवटीला भोक पाडून त्यांनी आतला पू काढला की अवघड काम संपलं. पुढे आम्ही तो काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा, एवढंच तर उरतं. त्यांच्या हिशेबाने चहा उकळेपर्यंत रिपोर्ट यायला हवा.

“दिसलंय,” मी म्हटलं. “पण तुम्हाला आवडणार नाही.”

“टीबी?”

“नाही. धागे.”

साठे म्हणाले, “मॅडम, पेशंटच्या डोक्यात सूज आहे. मला संध्याकाळपर्यंत औषध सुरू करायचंय. तुमच्या गंडेदोऱ्यांवर ते कसं ठरवू?” आणि फोन ठेवला.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. म्हणजे पेशंटच्या रक्तात, लघवीत, पुवात कुठला जंतू आहे हे शोधणारी डॉक्टर. आमची लॅब हॉस्पिटलच्या बेसमेंटला आहे, एका बाजूला किचन आणि दुसऱ्या बाजूला पार्किंग. पेशंटचे नातेवाईक आमच्या दारात येतात ते कँटीनचा रस्ता विचारायला. इतकी वर्षं पुण्यात प्रॅक्टिस करून माझ्या सोसायटीत अजून कुणाला मी ‘खरी’ डॉक्टर वाटत नाही. सर्दीवर औषध विचारायला सगळे समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जातात.

तर हा पू होता वानखेडेकाकांचा. राहणार हडपसर. मूळचे अकोल्याकडचे, पण तरुणपणी नोकरीसाठी पुण्यात आले आणि मुळातल्या पुणेकरालाही जमणार नाही इतके पुणेकर झाले. एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू हातात घेऊन ‘रिजेक्ट’ म्हणायचं काम. रिटायर झाल्यावर वस्तू मिळेनात, तेव्हा ते रोजच्या पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेनने गोल करू लागले.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. काकूंनी आपली एक दिली. दुसऱ्याचा अवयव शरीरात बसवला की शरीर त्याला परका समजून हल्ला करतं. म्हणून अशा पेशंटला प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. नव्या भाडेकरूला त्रास देऊ नये म्हणून सोसायटीच्या वॉचमनला डुलकी काढायला सांगण्यासारखं आहे ते. भाडेकरू सुखाने राहतो, पण चोरालाही कुणी हटकत नाही. तुमच्या-माझ्या अंगात शिरून दारातूनच परत जाणारे जंतू अशा माणसाच्या थेट मेंदूपर्यंत पोचतात.

काकांचं दुखणं आधी काकूंच्या लक्षात आलं. थोडा ताप, थोडं डोकं दुखणं, उजव्या हाताने शर्टाचं बटण लागेना, बोलताना शब्द सापडेना. पण काकू घाबरल्या त्या वेगळ्याच गोष्टीने. त्यांनी किडनीच्या डॉक्टर कांबळे मॅडमना फोन करून सांगितलं, “आठवडा झाला, यांनी पेपरातली एक चूक काढली नाही.” कांबळे मॅडम काकांना चांगल्या ओळखून होत्या. त्यांनी त्याच दिवशी एमआरआय सांगितला.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला एक मोठी आणि शेजारी दोन लहान वर्तुळं दिसली. फुप्फुसातही एक डाग होता. रेडिओलॉजिस्टने रिपोर्टमध्ये लिहिलं: टीबी असू शकतो, फंगस असू शकतो, बॅक्टेरिया असू शकतो, गाठही नाकारता येत नाही. रेडिओलॉजिस्ट सहसा कुणालाच नाराज करत नाहीत. मग साठ्यांनी मोठ्या वर्तुळात सुई घालून पू काढला आणि मेंदूवरचा दाब बराच कमी झाला. हे त्यांनी उत्तम केलं होतं, यात माझी काही टिंगल नाही.

आता माझ्या धाग्यांविषयी. स्लाइडवर मला अगदी बारीक, फांद्या फुटलेले, मण्यांची माळ असावी तसे तुटक रंगलेले धागे दिसत होते. फार नाहीत, थोडेच. टीबीच्या नेहमीच्या रंगात काही दिसलं नाही. पण तीच पद्धत जरा सौम्य ॲसिड वापरून केली तेव्हा धागे गुलाबी झाले. असं वागणारा एक बॅक्टेरिया आहे, नोकार्डिया. तो मातीत राहतो. धुळीबरोबर श्वासातून फुप्फुसात जातो आणि वॉचमन झोपलेला असेल तर तिथून मेंदूत. धडधाकट माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही.

मला नव्वद टक्के खात्री होती. उरलेले दहा टक्के साठ्यांकडे होते आणि ते सोडायला तयार नव्हते. दुपारी कांबळे मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. साठ्यांचं म्हणणं सरळ होतं. आपल्याकडे मेंदूत असं वर्तुळ दिसलं, फुप्फुसात डाग दिसला, की बहुतेक वेळा टीबीच निघतो. धागे काय, कापसाचेही असतात. नोकार्डिया खरंच असेल तर तो कल्चरमध्ये, म्हणजे लॅबच्या प्लेटवर, वाढू दे, मग बघू. पण हा जंतू वाढायला घेतला की आरामात वाढतो, त्याला आठवडाही लागतो. तोवर पेशंटला विनाऔषध ठेवणार कोण?

“आणि मुख्य म्हणजे,” साठे म्हणाले, “या माणसाचा मातीशी संबंधच नाही. मी स्वतः विचारलंय. माझ्या आधी दोघांनी विचारलंय. ते स्वच्छ नाही म्हणतात.”

कांबळे मॅडम मुद्दा ऐकून घेतात आणि मग शांतपणे अवघड गोष्ट सांगतात. त्या म्हणाल्या की टीबीच्या औषधांतलं मुख्य औषध किडनी टिकवणाऱ्या गोळीचा अंश रक्तातून झपाट्याने कमी करतं. ते सांभाळता येतं, पण दर वेळी सांभाळलं जातंच असं नाही. टीबी असेल तर ती जोखीम घ्यावीच लागेल. नसेल, तर आपण चुकीच्या जंतूसाठी काकूंची किडनी घालवू आणि खरा जंतू मेंदूत मजेत वाढत राहील. टीबीची झटपट टेस्ट पाठवली होती, पण तिचा रिपोर्ट उद्या येणार होता. सूज मात्र उद्यापर्यंत थांबायला बांधील नव्हती.

“मी एकदा विचारून येते,” मी म्हटलं.

साठे हसले. “तुम्ही? वर?”

त्यांचं हसणं रास्त होतं. जिवंत पेशंटशी बोलण्याचे प्रसंग आमच्या नशिबी कमी. मी लिफ्टमध्ये चुकीचा मजला दाबला, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काका आयसीयूच्या शेजारच्या खोलीत होते. डोक्याला बँडेज, उजवा हात उशीवर. दाब कमी झाल्यामुळे बोलणं बरंच परतलं होतं, जरा सावकाश येत होतं इतकंच. काकू शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मी ओळख करून दिली. काकांनी माझ्याकडे नापास होऊ घातलेल्या स्पेअर पार्टकडे बघावं तसं बघितलं.

“मातीचं विचारायला आला असाल,” ते म्हणाले. “तीनदा विचारून झालंय. येत नाही संबंध.”

मी तरी चिकाटीने विचारत राहिले. शेतावर जाणं? नाही. हडपसरजवळच्या मांजरी गावात कुणा नातेवाइकाचा ऊस वगैरे? नाही. घराजवळ बांधकाम? ते सगळ्या पुण्याच्या जवळ आहे, त्याला मी काय करू? कुंड्या? ऑपरेशननंतर सगळ्या देऊन टाकल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मातीत हात घालायचा नाही. तेव्हापासून मातीला बोट लावलेलं नाही.

माणूस खोटं बोलत नव्हता. मला ते स्पष्ट दिसत होतं आणि त्यामुळेच माझा धीर सुटत चालला होता. मी उठणार तेवढ्यात काकूंकडे लक्ष गेलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि खिडकीबाहेर पार्किंगच्या पत्र्याशिवाय काही नव्हतं.

“काकू, तुम्हाला काही सांगायचंय का?”

“मी काय सांगू? मधे बोललेलं यांना आवडत नाही,” काकू म्हणाल्या. आणि त्यांनी काकांनाच विचारलं, “मग आपल्या घरी मिरच्या कुठून येतात?”

“त्या मातीतल्या नाहीत,” काका म्हणाले.

आणि मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या आवाजात जोर आला. इमारतीच्या गच्चीवर त्यांची बाग होती. मिरच्या, वांगी, कढीपत्ता, एक पपईसुद्धा. पण मातीविरहित. डॉक्टरांनी माती बंद केली, तेव्हा त्यांनी या पद्धतीची माहिती काढली, दोन कार्यशाळा केल्या आणि सगळी बाग पालापाचोळा आणि खतावर उभी केली. सोसायटीतला सुका पाला गोळा करायचा, किचनमधला ओला कचरा त्यात मिसळायचा आणि ड्रममध्ये कुजवायचा. त्याचं काळंभोर, भुसभुशीत खत तयार होतं. चहापत्तीसारखं, ते म्हणाले. त्यात मातीचा कण नसतो. असला तर ते बॅच रिजेक्ट करतात.

मी पेन बंद करून खिशात ठेवलं होतं, ते परत काढलं.

कुजणारा पाला म्हणजे नोकार्डियाचं माहेर. साध्या कुंडीतल्या मातीत तो असतो तसा इथेही असतो, आणि इथे त्याची खाण्यापिण्याची सोय अधिक चांगली. डॉक्टरांनी एक दार बंद केलं म्हणून काका शिस्तीत वळसा घालून त्याच घरात शिरले होते. नियम त्यांनी एकही मोडला नव्हता.

“खत तयार झालं हे कसं ओळखता?” मी विचारलं.

“वासावरून. मूठभर घ्यायचं, नाकाशी धरायचं, खोल श्वास घ्यायचा. कच्चं असेल तर आंबूस येतो. पिकलेलं असेल तर मस्त येतो. वरून चाळलं की आणखी कळतं. त्याला मशीन नाही. अनुभव लागतो.”

“रोज बघता?”

“क्वालिटी रोजच बघावी लागते.”

“आणि मास्क?”

काकांनी माझ्याकडे दयेने बघितलं. “मास्क माणसांसाठी असतो. गच्चीवर माणसं नसतात. असती तर मी गेलो नसतो.”

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. गेली काही वर्षं हा माणूस लग्नाला गेला नाही, हॉटेलात पाणी प्यायला नाही, नातवाला सर्दी असली तर दारातूनच त्याच्याशी बोलला. आणि रोज सकाळी गच्चीवर जाऊन मास्क काढून त्याने नेमका हाच जंतू मुठीत धरून खोल श्वासाबरोबर आत घेतला. आम्ही डॉक्टरांनी त्याला माती टाळायला सांगितली. तिच्यात काय असतं हे कुणी सांगितलं नाही.

काकूंना माझ्या चेहऱ्यावरून काय ते कळलं असावं. त्यांनी सरळ विचारलं, “मॅडम, माझी किडनी जाणार का आता?”

“कांबळे मॅडमशी बोलून सांगते,” मी म्हटलं. काकांनी मान भिंतीकडे वळवली. भिंतीकडे बघतच ते म्हणाले, “तिची वस्तू आहे. मी सांभाळायला घेतलीय. म्हणून तर मातीला हात लावला नाही.” ते वाक्य पुरं करायला त्यांना फार वेळ लागला, आणि तो काही मेंदूतल्या सुजेमुळे नव्हे.

मी जिन्याने खाली आले. कांबळे मॅडमच्या केबिनमध्ये सगळं सांगितलं. साठ्यांनी कपाळाला हात लावला.

“म्हणजे तो खत हुंगतो म्हणून मी टीबीचं औषध द्यायचं नाही?”

“तो खत हुंगतो, फुप्फुसात डाग आहे, मेंदूत पू आहे आणि माझ्या स्लाइडवर धागे आहेत,” मी म्हटलं. “चारही गोष्टींना पुरेल असं एकच नाव माझ्याकडे आहे. तुमच्याकडे दुसरं असेल तर सांगा.”

साठ्यांनी पेशंटची फाईल कांबळे मॅडमकडे सरकवली. त्यांच्या बाबतीत हे होकार देण्यासारखंच आहे. कांबळे मॅडमनी निर्णय दिला: नोकार्डियाची औषधं आजच सुरू, टीबीची तूर्त सुरू करायची नाहीत. उद्याची टेस्ट वेगळं बोलली तर आपण बदलू. त्यांनी किडनीला त्रास देणारं एक इंजेक्शन यादीतून काढलं आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या थोड्या उतरवल्या. वॉचमनला अर्धवट जागं करायचं, पण इतकं नाही की तो भाडेकरूवर काठी उगारेल.

दुसऱ्या दिवशी टीबीची टेस्ट निगेटिव्ह आली. मी साठ्यांना फोन करून कळवलं. दोनदा कळवलं, पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल म्हणून.

पण गोष्ट इथे संपली नाही. नोकार्डियावरचं मुख्य औषध म्हणजे सल्फाची एक जुनी गोळी. जंतूला ती चांगली लागू पडते, पण किडनीच्या रिपोर्टमध्ये गडबड करते. क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती साफसफाई करते ते सांगणारा आकडा. तो वाढला तर काळजी. काकूंनी या आकड्याचं नाव कधी घेतलं नाही. राउंडला कुणीही डॉक्टर आले की त्या एवढंच विचारायच्या, “आज माझी कशी आहे?” नव्या रेसिडेंट डॉक्टरने एकदा त्यांचाच बीपी मोजून दिला.

आकडा वाढू लागला. सलग काही दिवस वाढत गेला. कांबळे मॅडम डोस कमी-जास्त करत होत्या, रोज हिशेब नव्याने मांडत होत्या. औषध बंद केलं तर मेंदू, चालू ठेवलं तर किडनी, असा तो पेच होता. त्या दिवसांत मी लॅबमधून वर जायला लागले. मला तिथे काहीच काम नव्हतं. काकूंच्या शेजारी पाच मिनिटं बसायचे आणि परत यायचे. मला भीती वाटत होती. नाव मी सुचवलं होतं, आणि प्लेटवर अजून काहीही उगवलं नव्हतं.

मग एका सकाळी प्लेटवर पांढरे, कोरडे, खडूच्या भुकटीसारखे ठिपके दिसले. झाकण जरा सरकलं तरी वास आला. कोऱ्या माठात पाणी ओतलं की येतो तसा. आमच्याकडे प्लेट हुंगायला सक्त मनाई आहे. तो वास आपण होऊन आला, माझा इलाज नव्हता. नोकार्डियाच होता, आणि तपासणीत तो आम्ही देत असलेल्या औषधांना दबतोय हेही पुढे कळलं.

साठ्यांना फोन केला तर ते म्हणाले, मी येतो बघायला. आणि खरंच आले. आमची लॅब त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आधी ते किचनमध्ये शिरले होते, तिथे त्यांना पोहे मिळाले, त्यामुळे उशीर झाला. त्यांनी प्लेट हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि झाकणाकडे नाक नेलं.

मी झाकणावर हात ठेवला. “हुंगायचं नाही. एक जण त्यानेच ॲडमिट आहे.”

क्रिएटिनिनने आणखी दोन-चार दिवस आमचा अंत पाहिला आणि मग ते उतरायला लागलं. कांबळे मॅडमनी ते काकूंना सांगितलं तेव्हा काकू स्टुलावरून उठल्या, काकांच्या पोटावरची चादर सारखी केली आणि हात तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात काकांनी पेपर मागितला. पेन डाव्या हातात धरलं होतं, वर्तुळ वाकडं आलं. पण चूक बरोबर पकडली होती. ती हॉस्पिटलच्याच जाहिरातीत होती.

औषध जवळजवळ वर्षभर चाललं. मेंदूतली वर्तुळं आक्रसत गेली आणि शेवटी त्यांच्या जागी एक व्रण राहिला. उजव्या हाताची पकड थोडी कमी आहे. किडनी जागेवर आहे.

औषध संपल्यावर दोघं फॉलोअपला आले आणि मुद्दाम बेसमेंटला उतरले. कँटीनचा रस्ता न विचारता आमच्याकडे आलेले ते पहिलेच पाहुणे. काकांनी मास्क लावला होता. त्यांनी मला मिरच्यांची पिशवी दिली. वर चिठ्ठी होती: ‘मातीविरहित’.

मी काकूंना विचारलं, “खत आता कोण करतं?”

“मीच. हे लांब खुर्चीवर मास्क लावून बसतात आणि सूचना देतात. परवा म्हणाले, जरा हुंगून सांग, पिकलं का.”

“मग?”

“म्हटलं, माझ्याकडे एकच उरलीय. मी नाही हुंगणार.”

काकांना यात काढण्यासारखी चूक सापडली नाही. ते मान खाली घालून हसत राहिले.

हल्ली मी नव्या रेसिडेंट्सना सांगते की पेशंटला ‘मातीशी संबंध येतो का’ असं विचारू नका. पुण्यात लोक विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतात. सकाळी उठल्यापासून हात कशाकशाला लावता आणि नाक कुठे घालता, ते विचारा. आणि उत्तर लिहून घेताना शेजारी बसलेलं माणूस खिडकीबाहेर बघत नाही ना, तेवढं बघा.

मिरच्या चांगल्या तिखट होत्या. मी त्या दोनदा धुऊन घेतल्या.